कामगाराची नुकसानभरपाई आणि मालकाचे अपील



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर विद्वान मंडळी साहित्यावर, इतिहासावर, तत्त्वज्ञानावर बोलतात. त्या पंक्तीत माझ्यासारख्या शाळा अर्धवट सोडलेल्या कामगार कार्यकर्त्याला बसवून चालकांनी धाडसच केले आहे. मी वकील नाही. जो काही कायदा मला कळतो तो कोर्टाच्या व्हरांड्यात बसून आणि सार्वजनिक वाचनालयातली पुस्तके पुन्हा पुन्हा वाचून कळला आहे. त्यामुळे आजचे बोलणे पंडिती होणार नाही. पण ते उपयोगी पडावे अशी माझी इच्छा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणीतरी कारखान्यात, बांधकामावर, मालमोटारीवर कामाला आहे. आणि काहीजण लहानमोठे कारखानदारही आहेत. विषय दोघांच्याही कामाचा आहे.

कामावर अपघात झाला, हात गेला किंवा माणूसच गेला, तर मालकाने नुकसानभरपाई द्यावी असा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्यापूर्वी मालकाची चूक सिद्ध केल्याशिवाय कामगाराला दमडी मिळत नसे. या कायद्याने ती अट काढली. अपघात कामातून आणि कामाच्या ओघात झाला, एवढे दाखविले की बहुतेक ठिकाणी पुरे होते. ज्या कामगारांना राज्य विमा योजना लागू आहे त्यांची वाट वेगळी. त्यांना भरपाई विमा महामंडळाकडून मिळते, मालकावर हा दावा करता येत नाही. मी बोलणार आहे ते उरलेल्यांविषयी. आणि तेही दावा कसा करावा यावर नव्हे, तर दावा जिंकल्यानंतर काय होते यावर. कारण कामगार मला जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारतात तो हाच: "निकाल आपल्या बाजूने लागला, पण समोरचा अपिलात गेला. आता आमचे पैसे बुडाले का?"

याचे थोडक्यात उत्तर असे की, अपिलाने पैसे बुडत नाहीत. बुडतात ते आपल्या गप्प बसण्याने. हे मी माझ्याच एका चुकीवरून शिकलो. ती चूक पुढे सांगतो. आधी रक्कम कशी ठरते ते पाहू.

समजा, २०२२ साली तीस वर्षांच्या एका कामगाराच्या एका हाताची चारही बोटे प्रेसखाली तुटली. त्याचा पगार पंधरा हजार किंवा त्याहून अधिक होता. जुन्या कायद्यात हिशेबासाठी पगार धरायचा तो जास्तीत जास्त १५,००० रुपये. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, त्यापूर्वी ती ८,००० होती. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी पगाराचे ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, घ्यायचे आणि वयाप्रमाणे दिलेल्या आकड्याने गुणायचे. तिसाव्या वर्षाचा आकडा २०७.९८ आहे. गुणाकार होतो १८,७१,८२०. एका हाताची चार बोटे गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात कमाईची हानी ५० टक्के धरली आहे. म्हणून भरपाई ९,३५,९१० रुपये.

ही रक्कम देणे केव्हा लागते? पुष्कळ मालक समजतात की निकाल लागेल तेव्हा. तसे नाही. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी एका सुताराचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात तोडावा लागला. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची हानी शंभर टक्के. आणि भरपाई देण्याची जबाबदारी अपघात झाला त्याच क्षणी उभी राहते, आयुक्तांच्या हुकुमाची ती वाट पाहत नाही. २०१८ साली त्याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की व्याजही अपघाताच्या तारखेपासून धरायचे, निकालाच्या तारखेपासून नव्हे.

हे व्याज वर्षाला १२ टक्के. आपल्या उदाहरणात दरवर्षी १,१२,३०९ रुपये, म्हणजे महिन्याला नऊ हजारांहून अधिक. तीन वर्षे दावा चालला तर व्याजाचे ३,३६,९२८ रुपये होतात आणि एकूण आकडा १२,७२,८३८ वर जातो. उशिराला सबळ कारण नसेल तर आयुक्त याखेरीज मुद्दलाच्या निम्म्यापर्यंत दंड बसवू शकतात. इथे तो ४,६७,९५५ रुपयांपर्यंत जाईल. आणि हा दंड बहुधा विमा कंपनी भरत नाही. मोटारींच्या विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगितले आहे की मुद्दल आणि व्याज कंपनीने द्यावे, दंड मालकाने आपल्या खिशातून भरावा. कारखानदार बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. जबाबदारी पूर्ण मान्य नसेल तरी जेवढी मान्य आहे तेवढी रक्कम आधी देऊन टाकावी, असे कायदाच सांगतो. ज्याने ती दिली त्याच्या मागे व्याजाचा ससेमिरा तेवढ्यापुरता लागत नाही.

आता अपिलाकडे वळू. आयुक्तांच्या हुकुमावर अपील थेट उच्च न्यायालयात होते आणि ते साठ दिवसांत करावे लागते. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून माफी मागावी लागते. हे दार सताड उघडे नाही. कायद्याने त्याला तीन अडसर घातले आहेत.

पहिला अडसर कायद्याच्या प्रश्नाचा. अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असला पाहिजे. अपघात सकाळी झाला की संध्याकाळी, साक्षीदार खरा की खोटा, पगार बारा हजार होता की चौदा हजार, असल्या वस्तुस्थितीच्या गोष्टींत आयुक्तांचा शब्द सामान्यतः अखेरचा असतो. पुरावाच नसताना निष्कर्ष काढला असेल किंवा कायद्याचा अर्थच चुकीचा लावला असेल, तर गोष्ट वेगळी. जखमी माणूस कायद्याच्या व्याख्येने कामगार होता काय, घरी परतताना झालेला अपघात कामाच्या ओघातला म्हणावा काय, अशा वादात कायद्याचा खरा प्रश्न असू शकतो. तेव्हा अपील करणारा प्रत्येक मालक लबाडच असतो असे मी म्हणत नाही. अपील हा त्याचाही हक्क आहे.

दुसरा अडसर रकमेचा. वादातील रक्कम पूर्वी ३०० रुपये असली तरी अपील होत असे. २०१७ च्या दुरुस्तीने ती मर्यादा १०,००० रुपये झाली.

तिसरा अडसर सर्वांत महत्त्वाचा. भरपाईच्या हुकुमावर मालकाला अपील करायचे असेल, तर हुकुमाप्रमाणे देय झालेली रक्कम त्याने आधी आयुक्तांकडे भरली पाहिजे. ती भरल्याचा आयुक्तांचा दाखला अपिलाच्या अर्जाला जोडला पाहिजे. दाखला नाही तर अपील नाही. व्यवहारात विमा कंपन्याही पैसे भरूनच अपील दाखल करतात.

कायदा करणाऱ्यांनी ही अट का घातली, याचा विचार करण्यासारखा आहे. साध्या दिवाणी दाव्यात हरलेला माणूस अपील करतो, हुकुमाला स्थगिती मिळवतो आणि वर्षानुवर्षे पैसा वापरत राहतो. जिंकलेल्याने तोवर वाट पाहायची. सावकार वाट पाहू शकतो, कारण त्याच्या घरात दाणा आहे. बोटे तुटलेला कामगार किंवा त्याची विधवा वाट पाहू शकत नाही. शिवाय अपील चालू असताना कारखाना बंद पडला, यंत्रे विकली गेली, मालक परागंदा झाला, तर जिंकलेला निकाल घेऊन कामगाराने कुणाच्या दारात जायचे? म्हणून कायद्याने सांगितले, भांडायचे असेल तर खुशाल भांडा, पण पैसे टेबलावर ठेवून भांडा. अपील झाले म्हणजे कामगाराचे पैसे अडकले, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्या दिवशी पैसे मालकाच्या तिजोरीतून बाहेर पडलेले असतात. म्हणजे ते अधिक सुरक्षित झालेले असतात.

मग अडते कुठे? आयुक्तांच्या खात्यापासून कामगाराच्या हातापर्यंतच्या वाटेवर. आता माझी चूक सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातील एका फौंड्रीत क्रेनची साखळी तुटून जड लोखंडी पेटी अंगावर पडली आणि पस्तीस वर्षांचा एक कामगार जागीच गेला. मागे बायको आणि तीन मुले. त्या काळी हिशेबासाठी पगाराची मर्यादा ४,००० रुपये होती. मृत्यूसाठी त्याचे निम्मे, म्हणजे २,००० गुणिले १९७.०६, मिळून ३,९४,१२० रुपये आणि वर व्याज. आम्ही दावा लढवला आणि जिंकला. मी पेढे वाटले. दीड महिन्याने कळले की समोरच्या बाजूने पैसे भरून मुंबईला अपील केले आहे.

तेव्हा कायद्यात ३०-अ म्हणून एक कलम होते. मालकाने अपील केल्यास जमा झालेली रक्कम आयुक्त निकाल लागेपर्यंत रोखून ठेवू शकतात, आणि उच्च न्यायालयाने तसे सांगितल्यास त्यांनी ती रोखलीच पाहिजे, असे ते कलम. मी त्यातले "रोखून ठेवू" एवढेच वाचले, "शकतात" हा शब्द माझ्या ध्यानात आला नाही. त्या बाईंना मी सांगितले, "वहिनी, आता अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं. कायदाच तसा आहे." त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दादा, पैसं आमचंच हाय न्हवं? मग आमास्नी का मिळंना?" मला उत्तर देता आले नाही, मी नुसता धीर दिला.

तीन वर्षे गेली. थोरल्या मुलाने नववीनंतर शाळा सोडली आणि तो वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागला. पुढे दुसऱ्या एका कामासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईस गेलो असता एका वकिलांशी सहज या प्रकरणाचा विषय काढला. त्यांनी विचारले, "रक्कम काढून घेण्याचा अर्ज केलात का?" मी म्हटले, "तसा अर्ज करता येतो?" ते काही बोलले नाहीत. अर्ज केला आणि दोन महिन्यांत निम्मी रक्कम हमीपत्रावर वहिनींच्या हाती आली. उरलेली अपील फेटाळले गेल्यावर मिळाली. आणखी एक गोष्ट तेव्हा उघडकीस आली. ती रक्कम तीन वर्षे नुसती खात्यात पडून होती. ती मुदत ठेवीत ठेवा असा अर्जही कुणी केला नव्हता. त्या मुलाची शाळा मालकाच्या अपिलाने तोडली असे मी बरीच वर्षे म्हणत असे. आता म्हणत नाही. अपील कायद्याप्रमाणे होते. अर्ज करायचा राहिला तो आमचा, आणि "थांबा" असे सांगितले होते ते मी.

ते ३०-अ कलम २०१७ च्या दुरुस्तीने रद्द झाले. केवळ अपील झाले म्हणून आयुक्तांनी रक्कम रोखून धरण्याचा तो आधार आता राहिला नाही. मात्र उच्च न्यायालयापुढे स्थगितीचा अर्ज आजही येतो. न्यायालय दोन्ही बाजू ऐकून अटी घालते. कधी निम्मी रक्कम काढू देते, कधी हमी किंवा जामीन घेऊन सगळी, आणि उरलेली बँकेत ठेवायला सांगते. पण दोन्ही बाजू ऐकायच्या तर दुसरी बाजू तिथे हजर पाहिजे. नोटीस आल्यावर कामगार गेलाच नाही, तर न्यायालय एकाच बाजूचे ऐकणार.

पूर्वी मुंबईस जाणे हेच मोठे संकट वाटे. रोजंदारी बुडवून, रात्रीचा प्रवास करून जायचे आणि तारीख पडल्याचे ऐकून परत यायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाले आहे. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्यात आहेत. इचलकरंजीच्या मागावरच्या कामगाराला आता सकाळच्या एस. टी. ने जाऊन संध्याकाळी घरी येता येईल. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे खंडपीठे आधीपासून आहेत. अंतराची सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

अपिलापेक्षा अपिलाची धमकी अधिक नुकसान करते, हाही माझा अनुभव आहे. निकाल लागला की चार दिवसांत मालकाचा माणूस दारात येतो. बोलणे गोड असते. "आम्ही वर जाणार. दहा वर्षे सहज जातील. त्यापेक्षा आज रोख तीन लाख घे आणि सही कर." कामगाराच्या डोक्यावर दवाखान्याचे कर्ज असते. बारा लाखांचा निकाल कागदावर आणि तीन लाख डोळ्यांसमोर! तो सही करतो. अशा वेळी त्याला तीन गोष्टी सांगणारा कोणीतरी जवळ पाहिजे. पहिली, वर जायचे तर त्यांना पूर्ण रक्कम आधी भरावी लागेल. दुसरी, कायद्याने मिळणारी भरपाई सोडून देण्याचा किंवा कमी करण्याचा करार कायदा मानत नाही; तडजोडीचा करार आयुक्तांकडे नोंदवावा लागतो आणि रक्कम अपुरी वाटल्यास ते नोंदणी नाकारू शकतात. तिसरी, मृत्यूची भरपाई आयुक्तांमार्फतच द्यावी लागते. विधवेच्या हातावर परभारे ठेवलेली रक्कम भरपाई दिली म्हणून धरली जात नाही. वारसांना आगाऊ दिलेल्या थोड्या पैशांपुरता, तीन महिन्यांच्या पगाराइतका, त्याला अपवाद आहे. सावकारालाही या पैशांवर जप्ती आणता येत नाही.

कामगारालाही अपील करता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दावा फेटाळला गेला, हानीचे टक्के कायद्याविरुद्ध कमी धरले, व्याज अपघाताऐवजी निकालाच्या तारखेपासून दिले, तर तोही साठ दिवसांत उच्च न्यायालयात जाऊ शकतो. त्याला पैसे भरण्याची अट नाही. कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नाची अट मात्र त्यालाही आहे. म्हणून खालच्या दाव्यातच पुरावा भक्कम करावा. पगाराची चिठ्ठी, हजेरी, डॉक्टरांचा दाखला तेव्हा दिला नाही, तर वर जाऊन तो नव्याने दाखविण्याची संधी सहसा मिळत नाही.

समोरच्याने अपीलही केले नाही आणि पैसेही भरले नाहीत, तर? मग आयुक्त ती रक्कम शेतसाऱ्याच्या थकबाकीप्रमाणे वसूल करवू शकतात. त्यासाठीही अर्ज लागतोच. निकालपत्र पेटीत ठेवून त्याची पूजा केल्याने वसुली होत नाही.

एक बदल सांगितला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला गेला. आयुक्तांऐवजी तिथे 'सक्षम प्राधिकारी' हा शब्द आहे. त्या तारखेपूर्वीच्या अपघातांचे हक्क जुन्या कायद्याखालीच निर्माण झालेले आहेत, आणि तसे दावे अजून पुष्कळ वर्षे चालतील. अपिलाची चौकट नव्या संहितेतही तीच राहिली आहे. उच्च न्यायालय, साठ दिवस, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न, दहा हजारांची मर्यादा आणि मालकाने आधी पैसे भरण्याची अट, ही सर्व तिथेही आहेत. म्हणजे शंभर वर्षांत कायद्याची भाषा बदलली, नाव बदलले, तरी पैसे भरून भांडा हे तत्त्व टिकले.

शेवटी, घरी जाऊन लक्षात ठेवण्यासारख्या चार गोष्टी सांगतो. निकालाची नक्कल त्याच दिवशी मागा आणि साठावा दिवस कोणता ते भिंतीवर लिहून ठेवा. अपील झाल्याचे कळताच पैसे खरोखर भरले गेले काय, किती आणि कोणत्या तारखेला, याची आयुक्तांच्या कचेरीत चौकशी करा. रक्कम काढण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या आणि जी रक्कम लगेच मिळणार नसेल ती मुदत ठेवीत ठेवावी अशी मागणी त्याच अर्जात करा. अज्ञान मुलांचा वाटाही तसाच ठेवला जातो. आणि उच्च न्यायालयाची नोटीस आली तर तारखेला हजर राहा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तो हक्क कायद्याने दिला आहे.

त्या वहिनी आज आमच्या युनियनच्या कचेरीत येतात. नव्याने विधवा झालेली एखादी मुलगी अपिलाची नोटीस घेऊन आली की त्या माझ्या आधी बोलतात. म्हणतात, "आधी अर्ज दे, मग रडत बस." वीस वर्षे वाचून मला जो कायदा कळला तो त्यांनी एवढ्या शब्दांत आणून ठेवला आहे. तोच आपल्या हाती देतो.